आधी पट्टा

"आधी पट्टा."

माणूस कुणीही असो, फिटरांच्या त्या लाकडी विमानात पाय ठेवला की पहिला शब्द हाच. बसणाऱ्याने बूड टेकलं न टेकलं तोच ते वाकून पट्ट्याची दोन टोकं त्याच्या पोटावर आणायचे, बक्कल खट् करून लावायचे आणि अंगठ्याने दोनदा दाबून बघायचे. विमान जमिनीपासून सव्वा हात उंच होतं आणि जागचं कधी हलणार नव्हतं. तरी पट्टा.

तुमच्याही गावात असा एखादा माणूस असेल. सगळ्यांनी जी गोष्ट गमतीत करायची, ती हा मन लावून करतो आणि सगळ्यांची गंमत घालवतो. आमच्या संगमनेरात ते काम यांच्याकडे होतं. विमानदलात वीस वर्षं फिटर होते. सुटून आल्यावर आमच्या गल्लीच्या तोंडाशी मोटारपंप दुरुस्तीचं दुकान टाकलं. लोक त्यांना पायलट म्हणायचे आणि ते दर वेळी, न कंटाळता, सुधारायचे.

"पायलट न्हाई. फिटर."

"पण विमानात बसलाय ना कधी?"

"बसलोय की. इंजान सुरू झालं की उतर म्हनायचे."

एकाहत्तरचं युद्ध नुकतंच संपलं होतं. ज्याला त्याला विमानाचं वेड लागलेलं. न्हावी विमानांबद्दल बोले, भाजीवाली बोले, आमचे संस्कृतचे शास्त्रीसुद्धा बोलत. अशात या गृहस्थांनी नगरच्या भंगार बाजारातून खऱ्या विमानातली एक खुर्ची आणली, पट्ट्यासकट. तिच्याखाली लोहाराचे चार भाते बसवले. पुढे जीपचा गिअरचा दांडा. दांडा ओढला की पुढचे भाते फुगत आणि खुर्ची मागे कले, ढकलला की नाक खाली जाई. समोरची घड्याळं ऑइल इंजिनांवरून काढलेली होती. आणि त्यापुढे मांजरपाटाची साठ हात लांब गुंडाळी, दोन रुळांवर चढवलेली, सायकलच्या चेनने फिरणारी. तिच्यावर आकाशातून दिसावी तशी प्रवरा नदी रंगवली होती. अकोल्याकडून निघायचं, संगमनेर, कारखान्याची चिमणी, उसाचे मळे ओलांडायचे आणि नेवाशाच्या माळावर उतरायचं. कापड फिरवायला ते स्वतः मागे उभे राहत.

त्या कापडाचा नकाशा माझा. मी हायस्कुलात भूगोल शिकवायचो आणि माझ्या भूगोलाचा कुणाला काही उपयोग होतो हे मला तेव्हा प्रथमच कळलं. रंगवायला मात्र तमाशाचे पडदे रंगवणारा पेंटर धरला होता. मोर काढल्याशिवाय त्याचा हात थांबत नसे. विमान उतरायच्या माळावर त्याने मोर काढला, कारखान्याच्या चिमणीहून मोठा. खोडायला सांगितलं तेव्हा तो रुसून जेवलाच नाही. मोर राहिला. पुढे प्रत्येक उड्डाणाच्या वेळी फिटर कापडामागून गंभीरपणे ओरडायचे, "मोराच्या डाव्या अंगानं या!"

नाक वेळेआधी किंवा एकदम खाली गेलं की खुर्चीखाली टांगलेला पत्र्याचा डबा खडखडायचा. डबा वाजला की ते रूळ थांबवून पुढे येत, बक्कल सोडत आणि शांतपणे सांगत, "वारले तुमी. उतरा."

लोकांना हे आवडायचं नाही. जत्रेत माणूस चार घटका मजेसाठी येतो, बायकामुलांदेखत वारण्यासाठी नाही. कुणी विचारी, "बाँबचं बटन कुठं हाय?" त्यावर उत्तर ठरलेलं. "बाँब न्हाई. आधी उतरायला शिका. ह्यो खेळ न्हाई, सराव हाय." मी एकदा म्हटलंही, थोडं सांभाळून घ्या, उतरलात म्हणून सांगा. ते माझ्याकडे असे बघत राहिले की जणू मी त्यांना पंपात रॉकेलऐवजी पाणी घालायला सांगितलं होतं. "खोटं उतरवलं तर पुढच्या बारीला खरा पडंल की, मास्तर."

त्यांना एकच गोष्ट हवी होती. आमच्या संस्थेने त्या साली तंत्रशाखा काढली होती आणि तिथे मुलांसाठी एक यंत्र ठेवायचं ठरत होतं. ते यंत्र हे असावं, एवढंच. मोबदला नको, नाव नको. "माझ्यामागं हे भंगारातच जानार," ते म्हणाले. "शाळंत लागलं तर पोरं बसत्याल, पडत्याल, पुन्हा बसत्याल. एखादं खऱ्या इमानात जाईल." चैत्राच्या जत्रेत संस्थेचे चेअरमन येऊन बघतील आणि ठरवतील, असं झालं.

जत्रेच्या पहिल्याच दिवशी भांडण लागलं. दोघे चुलतभाऊ एकामागून एक बसले. दुसरा उडता उडता किंचाळला, "थांबवा! आमचा बांध सरकवला!" कापडावरचा दोघांच्या शेतांमधला बांध त्याच्या बाजूला आला होता. चूक माझी होती. माझ्या टाकाच्या रेघेची जाडी कापडावर मोठी होताना एकर-दीड एकर खाऊन बसली होती. पहिला भाऊ म्हणाला, वरून जे दिसतं तेच खरं, विमान कशाला खोटं बोलेल? गर्दीतले चौघे तलाठ्याला शोधायला धावले. दुसऱ्या कुणी हसून सोडून दिलं असतं. आमचे फिटर दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी मोजणीची साखळी घेऊन त्या शेतावर गेले, दोघा भावांसमोर बांध मोजला आणि येऊन कापडावर बोटभर हिरवा रंग मागे ढकलला. "खाली जसं हाय तसंच वर," ते म्हणाले. दोघे भाऊ पुन्हा बसून खात्री करून गेले. दोघेही वारले, पण समाधानाने.

आणि त्याच दिवशी पेटी आली.

गावातल्या एका कापडवाल्याच्या जावयाने ती मुंबईहून आणली होती. कपाटाएवढी, वर काच. काचेआड पत्र्याचं बोटभर विमान, खाली तीन बटणं, त्यातलं तांबडं बाँबचं. काहीही दाबा, दिवे लागत, घंटी वाजे आणि काचेवर 'शाब्बास' उजळे. पेटीला मागून कुलूप होतं आणि किल्ली मुंबईत. आत काय आहे, असं जावयाला विचारलं तर तो अभिमानाने म्हणाला, "आपल्याला काय करायचंय?"

दुपारपर्यंत लाकडी विमानापुढची रांग पेटीकडे सरकली. संध्याकाळी चहाच्या हॉटेलात खेळांच्या भवितव्यावर वाद पेटला. पेटीवाले म्हणत, हिला शिकावं लागत नाही. विमानवाले म्हणत, हेच तर वाईट. एक वकील टेबलावर थाप मारून म्हणाले, "लिहून ठेवा, उद्या घरोघर अशी पेटी असेल आणि माणसं दाराला कडी लावून तिच्यासमोर बसतील." आम्ही इतके हसलो की एकाच्या बशीतला चहा सांडला.

तिसऱ्या दिवशी चेअरमन आले. पांढराशुभ्र पोशाख, गळ्यात हार, मागे तीस-चाळीस माणसं. ते ऐसपैस खुर्चीत बसले.

"आधी पट्टा," फिटर म्हणाले.

पट्टा पुरेना. विमानदलाने तो चेअरमनच्या मापाने शिवलेला नव्हता. माणसं खाली बघू लागली. चेअरमन म्हणाले, "राहू द्या हो. आपण काय खरंच उडणार आहोत?" फिटर ऐकेनात. त्यांनी चेअरमनच्या गळ्यातला हार काढला, पोट आत घ्यायला सांगितलं, बक्कल लावलं आणि अंगठ्याने दोनदा दाबलं. मग मागे जाऊन रूळ फिरवायला लागले. चेअरमननी एका हाताने गर्दीला नमस्कार करत दुसऱ्या हाताने दांडा ढकलला. डबा खडखडला. विमान सरळ कारखान्याच्या चिमणीत गेलं होतं, आणि त्या कारखान्याचे चेअरमन तेच.

मी फिटरांकडे बघत होतो. मनातल्या मनात हात जोडले होते. एकदा, फक्त एकदाच, खोटं बोला.

ते पुढे आले. बक्कल सोडलं. "वारले तुमी, चेअरमनसाहेब. उतरा."

चेअरमन उतरले, हार परत घातला आणि पेटीकडे गेले. तांबडं बटण दाबलं. दिवे लागले, घंटी वाजली, 'शाब्बास' उजळलं आणि तीस-चाळीस माणसांनी टाळ्या वाजवल्या. तिथेच भाषण झालं. उद्याचा जमाना पेटीचा आहे, आपला तालुका मागे राहता कामा नये, वगैरे. अजून एकदा दाबून ते गेले.

पुढच्या आठवड्यात संस्थेची बैठक झाली. फिटर बाहेर बाकावर टोपी मांडीवर घेऊन बसले होते आणि खिडकी उघडी होती. चेअरमननी मला विचारलं, "भूगोलवाले मास्तर, तुमचं मत?" माझी नोकरी तेव्हा कायम व्हायची होती. मी म्हणालो, "दोन्ही आपापल्या जागी चांगली आहेत." एवढंच. अशा वाक्याने कुणाचंच नुकसान होत नाही असं वाटतं, पण त्या दिवशी झालं. मी बाहेर आलो तेव्हा बाक रिकामा होता. त्या वाक्याची लाज मला आजही वाटते.

पेटी तंत्रशाखेत लागली आणि तीन आठवड्यांत बंद पडली. मुंबईला पत्रं गेली, उत्तर आलं नाही. शेवटी शिपाई बोलवायला गेला तो फिटरांनाच. ते हत्यारांची पिशवी घेऊन आले, कुलूप न तोडता मागची फळी काढली आणि आत डोकावले. मग मला बोटाने बोलावलं. आत दोन रूळ होते आणि त्यांवर रंगवलेल्या कापडाची एक चिंचोळी गुंडाळी. नदी, माळ, ढग. मोर तेवढा नव्हता.

"ह्ये तर आपलंच हाय," ते म्हणाले. मग एक तार हातात धरून दाखवली. कोणतंही बटण दाबलं तरी ती घंटीलाच जात होती. "बघा मास्तर. लई साधं काम. ह्याच्यात पडायची सोयच न्हाई ठेवली." त्यांनी रूळ साफ केला, तेल दिलं, फळी बसवली. घंटी पुन्हा वाजू लागली. मी माफी मागायला तोंड उघडलं तर ते पिशवी उचलून चालू लागले होते.

त्या पावसाळ्यात पाऊस झालाच नाही. बहात्तरचा तो दुष्काळ. प्रवरेच्या पात्रात माणसं झरे खणत होती, मळे वाळून करडे पडले होते. दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये कापडावरची नदी मात्र निळीभोर होती. पाथर्डीकडची काही माणसं जवळच दुष्काळी कामाला आली होती. त्यांतल्या बाया दुपारच्या सुट्टीत येऊन नुसत्या त्या कापडासमोर बसायच्या, पदराने वारा घेत. एकदा मी चिडवलं, "खाली जसं तसंच वर म्हणता ना? मग नदी पुसा की आता."

त्यांनी कापडाकडे बघितलं, बायांकडे बघितलं. "न्हाई," म्हणाले. "ह्या वक्ताला कापड बराबर हाय. नदी चुकली."

त्यानंतर काही दिवसांनी, एका रविवारी दुपारी, मी शेडमध्ये गेलो. म्हटलं, तुम्ही यात कधी बसलातच नाही. बसा, कापड मी फिरवतो. ते नको नको म्हणाले. दर वेळी कापडामागे तेच, त्यांच्यासाठी फिरवणार कोण, म्हणून आजवर बसले नव्हते. शेवटी बसले. स्वतःचं बक्कल लावलं, अंगठ्याने दोनदा दाबलं.

मी रूळ फिरवू लागलो. अकोलं गेलं, संगमनेर गेलं, तो बोटभर सरकवलेला बांध गेला. साठ वर्षांचा माणूस दांडा दोन्ही हातांनी धरून पाण्याकडे बघत होता. बघता बघता नेवासं आलं तरी त्यांचं लक्ष नदीतच. मी ओरडलो, "मोराच्या डाव्या अंगानं!" उशीर झाला होता. त्यांनी गडबडीने दांडा एकदम ढकलला. डबा खडखडला.

मी रूळ थांबवून पुढे आलो. त्यांच्या डोळ्यांना पाणी आलेलं होतं.

"सांगा, मास्तर."

"उतरलात की," मी म्हणालो. "जरा धक्का बसला, एवढंच."

"डबा वाजला का न्हाई?"

"वाजला."

"मग?"

मला ते म्हणायचं नव्हतं. पण बैठकीतलं माझं वाक्य आठवलं. "वारलात तुम्ही. उतरा."

"हां," ते म्हणाले, आणि मोठ्याने हसले. त्यांना इतकं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. "आता बराबर बोलला."

पुढच्या उन्हाळ्यात ते खरेच गेले. झोपेतच, डबा न वाजता. कापड कुणीतरी कांद्यावर झाकायला नेलं, भाते लोहाराकडे परत गेले. शाळेतल्या पेटीची घंटी अजून वाजत होती.

खुर्ची मला सापडली ती राहात्याच्या बाजारपेठेत, एका केशकर्तनालयात. मी बहिणीकडे गेलो होतो, दाढी करायला आत शिरलो आणि बघतच राहिलो. पट्टासुद्धा होता.

"हा कशाला ठेवलाय?" मी विचारलं.

"लहान पोरं हालत्यात वो," न्हावी म्हणाला. "बांधलं की गप बसत्यात. मोठ्यांना न्हाई लागत."

मी बसलो. त्याने साबणाचा ब्रश उचलला. मी म्हणालो, "थांबा जरा." दोन्ही टोकं पोटावर आणली, बक्कल लावलं आणि अंगठ्याने दोनदा दाबून बघितलं.