कडेचं शीत

बुधवारी सकाळी विनूमामाने एक बॅच नाकारली. दुपारी मालकाने त्याला ऑफिसात बोलावलं. संध्याकाळी आम्ही दोघं गाडीने घरी आलो.

विनूमामा म्हणजे विनायक, माझ्या आईचा धाकटा भाऊ. पिंपरीतल्या एका औषध कंपनीत त्याने बरीच वर्षं गुणवत्ता तपासणीचं काम केलं. मग तो आणि मामी न्यूझीलंडला गेले, आणि ऑकलंडजवळच्या पापाकुऱ्याच्या एका फार्मसीत तो फार्मासिस्ट झाला. पुढे गावाबाहेर औषधी गांजाची लागवड करणारी एक कंपनी निघाली, तेव्हा तिने मामाला बोलावून घेतलं. त्या देशात मौजेसाठी गांजा ओढणं बेकायदाच आहे. पण परवाना असेल तर औषध म्हणून तो पिकवता येतो, आणि डॉक्टरने लिहून दिला तर फार्मसीत मिळतो. परवान्यावर जबाबदार व्यक्तीचं नाव असावं लागतं. तिथे मामाचं नाव होतं.

ही बातमी पुण्याला कळली तेव्हा आजी फोनवर म्हणाली, “लोक गांजा ओढून वाया जातात. आमचा न ओढताच गेला.” मामा खूप हसला. “आई, इथे गांजाला कुंपण आहे, कॅमेरे आहेत, दोन-दोन कुलुपं आहेत. एवढी काळजी तू माझी लहानपणी केली नाहीस.”

मामा प्रत्येक गोष्टीचा आधी वास घेई. ऑकलंडमधल्या हिल्सबरोच्या घरी मामीने कुकर उघडला की हा वाकलाच. दूध, डाळीचा डबा, कोपऱ्यावरच्या डेअरीतून आणलेला ब्रेड, धुवून आलेले टॉवेल. मामी वैतागायची. “अहो, जेवा आता. तपासणी पुरे.” पाहुण्यांसमोरही तो थांबत नसे. त्याला खोड म्हटलेलं आवडत नसे, तो म्हणे, “बुरशी डोळ्याला दिसते तेव्हा उशीर झालेला असतो.”

मी त्या देशात शिकायला गेले आणि शिक्षण संपल्यावर त्याच कंपनीत लागले. पॅकिंग विभागात नोंदी ठेवायचं काम होतं. माझा वर्क व्हिसा त्या नोकरीला बांधलेला होता: नोकरी असेपर्यंत मी तिथे राहू शकत होते. हे आम्हा दोघांना माहीत होतं आणि आम्ही त्याबद्दल बोलत नसू.

तोडलेली फुलं एका लांबट, बिनखिडकीच्या खोलीत जाळीच्या ताटांवर सुकत. मामा तिला वाळवणाची खोली म्हणे. दार उघडलं की उग्र, ओलसर, राळेसारखा वास अंगावर येई आणि घरी अंघोळ करेपर्यंत केसांतून जात नसे. आत मास्कशिवाय जायचं नाही, हा नियम मामानेच घालून दिला होता. कोणी मास्क हनुवटीवर ओढला तर तो दारातून ओरडे. स्वतः मात्र प्रत्येक ताटाशी पोचला की मास्क खाली करी, वाके, डोळे मिटून श्वास ओढी, आणि पुन्हा वर चढवी. आम्ही सगळे ते बघत होतो. तपासणाऱ्या माणसाने वास घ्यायचाच, असं आम्हालाही वाटे.

प्रयोगशाळेकडे पाठवायचा नमुना तो कोपऱ्यातून घेई. मागच्या भिंतीजवळून, पंख्याचा वारा पोचत नाही तिथून, सर्वांत खालच्या ताटातून. मी पहिल्यांदा कारण विचारलं तेव्हा म्हणाला, “शितावरून भाताची परीक्षा, बरोबर? पण शीत कुठलं घेतलंस, ते कोण सांगणार? मधलं शीत सगळ्यांचंच शिजलेलं असतं, सई. कडेचं घे.”

त्या वर्षी हिवाळ्याच्या सुरुवातीपासूनच पाऊस लागला. हवा कोरडी ठेवणारं यंत्र बंद पडे, दुरुस्त होई, पुन्हा बंद पडे. नवीन यंत्र येणार असं मालक ग्रँट सांगत राहिला. ग्रँट मोठ्या आवाजात बोलत नसे. रोज सकाळी सगळ्यांना “किया ओरा” असा माओरी नमस्कार करत यायचा, लोकांच्या मुलांची नावं त्याच्या लक्षात असायची. मामाला खोकला लागला होता. कोरडा, छोटा खोकला, दार वाजवल्यासारखा. मामी म्हणाली डॉक्टरकडे जा, मामा म्हणाला, “ऑकलंडची थंडी आहे गं ही, सगळ्यांनाच होतं.”

मग तो बुधवार. मागच्या भिंतीच्या ताटांशी मामा बराच वेळ वाकून राहिला. उठला तेव्हा त्याचा चेहरा बदललेला होता. त्याने मला दाराबाहेर थांबायला सांगितलं आणि बॅचवर लाल पट्टी लावली.

दुपारी ऑफिसात ग्रँटने मलाही बोलावलं, नोंदी घेऊन. बॅच नाकारली की परवाना देणाऱ्या सरकारी खात्याला कारण कळवावं लागतं. कारण कळवलं की खोली बंद होते. आणि परवान्याचं नूतनीकरण तोंडावर आलेलं होतं. ग्रँटने हे सगळं शांतपणे मांडलं.

“विन, लॅबचा रिपोर्ट अजून आलेला नाही. तू नुसता वास घेतलायस.”

“रिपोर्ट येईल. वाईटच येईल.”

“मग दुसरा नमुना पाठवू. मधल्या रॅकचा. तो चांगला आला तर आपण सगळेच स्वीट ॲज, काही काळजीच नाही.”

ग्रँट माझ्याकडे वळून हसला. “सई, तुझा व्हिसा कधी संपतो? तुला इथे आवडतं ना?”

मामा माझ्याकडे न बघता मराठीत म्हणाला, “ऐकलंस? तू उत्तर देऊ नकोस.” मग इंग्रजीत, “मधल्या रॅकचा नमुना माझ्या नावाने जाणार नाही.”

गाडीत मी रडले. पाऊस होता, वायपर चालू होते. मामा म्हणाला, “फार्मसीत हिने नावाची एक माओरी बाई यायची, तुला सांगितलं होतं ना? केमोनंतरची म्हातारी. किया ओरा विन, म्हणून काउंटरवर हात ठेवायची. ही फुलं गरम करून त्यांची वाफ ओढतात, ती तिच्यासारखीच्या छातीत जाणार. तिच्या अंगात बुरशीशी लढायला काही उरलेलं नसतं.”

“आणि माझं काय, मामा?”

“तुझी नोकरी जाईल.”

“मला एकदा विचारायचंस तरी.”

“विचारलं असतं तर तू बॅच नाकारायला हो म्हणाली असतीस, आणि ते ओझं तुझ्यावर आलं असतं. म्हणून सांगतोय. माझ्यावर राग धर, हवा तेवढा. त्या वासावर शंका घेऊ नकोस.”

मी राग धरला.

रिपोर्ट वाईट आला. नाकारलेला माल दोन माणसांच्या देखत नष्ट करायचा असतो. मामाने मला बरोबर घेतलं. फुलं चिरडून ओल्या मातीत कालवताना धुरळा उठला. त्याने मला एकावर एक दोन मास्क लावायला लावले आणि वारा येत होता त्या बाजूला उभं केलं. स्वतः खोकत खोकत फावडं मारत राहिला. ग्रँट खिडकीतून बघत होता. त्याने हातही केला.

खोली बंद झाली. पॅकिंगची माणसं कमी केली, त्यात मी होते. परवान्यावरचं मामाचं नाव बदलण्यासाठी अर्ज गेला. मी दुसरी नोकरी शोधत फिरले, पार लांबच्या बॉटनी डाउन्स उपनगरापर्यंत. व्हिसाचं म्हटलं की लोक सॉरी म्हणत. याच दिवसांत मामाला जिना चढताना दम लागायला लागला. डॉक्टरांनी छातीचे फोटो काढले. फुप्फुसं आतून घट्ट होत चालली होती. बुरशीच्या कणांनी असं होऊ शकतं, म्हणाले. नेमकं कशाने झालं ते ठामपणे सांगता येणार नाही, असंही म्हणाले.

हॉस्पिटलात त्याच्या नाकाला ऑक्सिजनची नळी होती. मी न राहवून विचारलं, “मामा, आम्हाला ओरडायचास, मग स्वतः मास्क का काढायचास?”

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू एवढी वर्षं शिकवलेलं फुकट गेलं.

“अगं, मास्कमधून वास कसा येणार?”

“लॅब होती ना त्याला.”

“लॅबला आपण पाठवतो तेवढंच कळतं.” मग बराच वेळ श्वास गोळा करून म्हणाला, “तू किती वेळा आत गेलीस गं त्या खोलीत?”

“फार नाही.”

“तुला खोकला?”

“नाही मामा.”

“खरं सांग.”

“खरंच नाही.”

तो डोळे मिटून पडून राहिला. त्या आठवड्यात त्याने आणखी दोन-तीनदा तेच विचारलं. दुसरं काही विचारलं नाही.

मामा हिवाळा संपायच्या आत गेला. त्याचे दिवस होईपर्यंत मी मामीजवळ थांबले आणि मग परत आले.

मामी हिल्सबरोला असते, मी पुण्यात. कंपनी चालू आहे. परवान्याचं नूतनीकरण झालं. त्याच्यावर आता दुसऱ्या कुणाचं नाव आहे.