साहेबांच्या मशीनीवरची नवी आवृत्ती

परभणीच्या आमच्या बियाण्यांच्या ऑफिसात शकुंतलाबाई सकाळी आल्या की चप्पल दाराबाहेर काढायच्या, तिन्ही कॉम्प्युटर चालू करायच्या आणि पडद्यावर प्रोग्रामची आवृत्ती वाचायच्या. तिन्हीकडे आकडा तोच दिसला की म्हणायच्या, "एकानं पुढं जायाचं न्हाई, एकानं मागं ऱ्हायाचं न्हाई." मगच चहा. मशीनी वायरीनं जोडलेल्या, साठ्याची फाइल सगळ्यांत मिळून एक. एकीवर नवी आवृत्ती आली तर तिनं लिहिलेलं जुन्यांना वाचता येत नाही, हे बाईंनी इतक्यांदा ऐकवलं होतं की मी हात जोडायचो.

बाईंचं घर पालमला. आई अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेली, बघायला एक शेजारीण. पालमच्या आमच्या गोदामात जागा रिकामी होती आणि साहेबांनी शब्द दिला होता, "दसरा झाला की तिकडं बदलीवर सोडतो." बाईंनी खोलीवर ट्रंक भरून ठेवली.

खंडेनवमीला मशीनींची पूजा झाली. साहेबांना मुहूर्ताची भारी हौस. नारळ फोडला आणि फक्त स्वतःच्या मशीनीवर नवी आवृत्ती बसवून घेतली. दसऱ्यानंतर आमच्या दोन मशीनींवर साठ्याची फाइल उघडेना. बाहेर रब्बीच्या बियाण्यासाठी माणसं ताटकळलेली, आणि जुन्या मशीनींना नवी आवृत्ती पेलत नव्हती.

"साहेब, नवं काढून टाकते," बाई म्हणाल्या.

"पूजेत बसवलेलं काढायचं? अपशकुन नको, बाई. जुन्या मशीनी बदलल्या की तुम्हाला सोडतो."

मग बाई रोज साहेबांच्या मशीनीवरची फाइल जुन्या आवृत्तीत उतरवून द्यायच्या, तेव्हा कुठं आमचं काम सुरू व्हायचं. मी म्हणालो, मला शिकवा. साहेब म्हणाले, तुम्ही टपाल सांभाळा. असला संताप यायचा. बाई म्हणायच्या, "मीच अडकून बसलेय की ह्या वायरीत. आई तिकडं दाराकडं बघायलीय." शनिवारी संध्याकाळची एसटी धरायच्या, सोमवारी परत मशीनीपुढं.

संक्रांतीच्या सुमारास निरोप आला. बाई पालमला पोचल्या तेव्हा आई गेलेली होती.

पाडव्याला नव्या मशीनी आल्या. तिन्हीवर आवृत्ती एकच. साहेब खुशीत म्हणाले, "बाई, आता तुम्ही मोकळ्या. खुशाल जा पालमला."

"आता तिथं कोण हाय, साहेब?"

साहेब काहीतरी पुटपुटत आत गेले. पुढं कित्येक वर्षं बाई त्याच खुर्चीवर होत्या. सकाळी तिन्ही पडदे वाचायच्या. "एकानं पुढं जायाचं न्हाई" हे मात्र पुन्हा कधी म्हणाल्या नाहीत. आम्ही आपला चहा घ्यायचो.