बोरीबंदरला मी राखलेलं इंजिन

ही गोष्ट आमच्या घरी पाहुण्यांसमोर बायको सांगते, आणि दर वेळी मला थोडा जास्त मूर्ख करते. मूळचा होतो तेवढा पुरे आहे, म्हणून मीच लिहून ठेवतोय.

लग्नाला वर्ष झालं होतं. मी सूर्यमाळला मास्तर. बायकोला जळगावकडच्या प्राथमिक शाळेची ऑर्डर आली. मूळ कागद घेऊन दुसऱ्या दिवशी अकराच्या आत हजर व्हायचं, नाहीतर नेमणूक रद्द. आमच्या डोंगरात टपाल पोचेपर्यंतच निम्मी मुदत संपली होती.

मोखाड्याचे सासरे म्हणाले, "जावईबापू, खोडाळ्यावरून इगतपुरी गाठा. मुंबईहून सुटणारी जळगावची गाडी तिथं थांबते."

इतकं सरळ होतं, म्हणूनच मला पटलं नाही. "मामा, सुटते तिथून बसलं की जागा मिळते." खरं कारण असं, की बोरीबंदर मी एकदा पाहिलं होतं आणि बायकोने नव्हतं. मी तिच्यापुढे होतो असा तेवढा एकच विषय होता. स्टेशनाचं नाव तेव्हा नुकतंच बदललं होतं, पण आमच्याकडे ते बोरीबंदरच. तर जायचं होतं जळगावला आणि आम्ही एसटीत बसून निघालो बरोबर उलट्या दिशेला.

तासभर आधी पोचलो. मी तिला घुमट दाखवला, फाटकावरचा दगडी सिंह दाखवला, भिंतीतली दगडी माकडं दाखवली.

"अहो, माकडं आपल्याकडे जिवंत आहेत. गाडी कुठाय?"

गाडी लागलेलीच होती. इंजिनाचं नाक थेट शेवटच्या भिंतीला. इथे माझी सूर्यमाळची विद्या जागी झाली. तिकडे एसटी आली की ड्रायव्हर सगळ्यांना उतरवतो. एका अंगाला दरी, दुसऱ्या अंगाला दरड, त्यात गाडी वळवायची; ती वळून तोंड मोखाड्याकडे झाल्याशिवाय शहाणा माणूस पायरीवर पाय ठेवत नाही.

"आत्ता चढायचं नाही," मी म्हणालो. "अजून वळायचीय."

हमाल म्हणाला, "साहेब, गाडी अशीच जाते. बसून घ्या." त्याला ट्रंकेची घाई, असं मी धरलं. बायकोने मात्र त्याचंच ऐकलं. जवळचा डबा भरलेला, म्हणून तो तिला आणि ट्रंकेला पार पलीकडच्या टोकाच्या डब्याकडे घेऊन गेला. तिकिटं तिच्याकडे होती. ऑर्डरची फाईल माझ्या काखेत, कारण महत्त्वाचे कागद पुरुषाने सांभाळायचे असा आमच्या घरात नियम होता. केला मीच होता.

मी इंजिनाशेजारी उभा राहिलो. साधा हिशेब: इंजिनावर डोळा असला की गाडी जाईल कुठे?

शिट्टी झाली. इंजिन जागचं हललं नाही. मी निश्चिंत. मग लक्षात आलं, की इंजिन आहे तिथेच आहे आणि डबे चाललेत. पलीकडच्या टोकाला त्यांनी केव्हाच दुसरं जोडलं होतं. मी राखत होतो ते गाडी आत आणून मोकळं झालेलं इंजिन.

पळालो. शेवटच्या डब्याच्या दारात हिरवा झेंडा घेऊन गार्ड उभा होता. फाईल पुढे केली. "नोकरी आहे हो तिची!"

"कुणाला द्यायची?"

"पार मागच्या डब्यात... म्हणजे आता जो पुढे झालाय... नाव आत आहे!"

त्याने फाईल ओढून घेतली. "आणि तुम्ही?"

"मी गाडी वळायची वाट बघत होतो."

तो माणूस नजरेआड होईपर्यंत माझ्याकडे बघत होता.

नवं तिकीट काढून पुढच्या गाडीत मी सर्वांत आधी चढलो. तोंड कुठे आहे ते पाहिलंच नाही. रात्रभर मात्र एकच विचार: फाईल पोचली का?

पोचली होती. इगतपुरीला गाडी बराच वेळ थांबली, तेव्हा गार्ड डब्याडब्याशी तिचं नाव पुकारत गेला. सासऱ्यांनी सांगितलेलं, त्याच स्टेशनवर. साडेदहाला ती हजर झाली.

मी दुपारी त्या शाळेच्या दारात पोचलो. वर्गात पोरं पाढे म्हणत होती. ती खडू हातात घेऊन बाहेर आली, मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाली,

"वळली का हो गाडी?"