बेचाळीस बायकांचा गोवा

ताई माणसं मोजायच्या खांद्याला हात लावून. उजव्या हाताची दोन बोटं प्रत्येकीच्या खांद्यावर टेकवायच्या, ओठातल्या ओठात आकडा म्हणायच्या आणि पुढं सरकायच्या. मध्येच कुणी काही विचारलं, तर ठरलेलं उत्तर मिळायचं.

"आधी मोजू, मग बोलू."

सहली काढणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. गळ्यात शिट्टी, डोक्यावर टोपी, हातात झेंडा. ताईंकडे यातलं काही नव्हतं. शिट्टी का वापरत नाही, असं मी एकदा विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "शिट्टी ऐकून सगळ्या वळून बघतात. आली कोण, हे कुठं कळतं? हात लागला की कळतं."

कासारवाडीत आमच्या इमारतीत तळमजल्यावर त्यांची खोली होती. वडील पिंपरीच्या एका कारखान्यात फिटर होते, त्यांच्या वेळची ती जागा. ताई एकट्या राहायच्या. चाकणच्या एका कंपनीत गाड्यांमध्ये बसवायच्या वायरींचे जुडगे बांधायचं काम करायच्या. ती लाइन पूर्ण बायकांची. परभणी, जालना, बीड, सोलापूर इथून नवऱ्याबरोबर आलेल्या आणि कंत्राटावर लागलेल्या. वर्षातून एकदा यंत्रांच्या दुरुस्तीसाठी लाइन चार दिवस बंद असायची. त्या चार दिवसांत ताई या बायकांना गोव्याला न्यायच्या.

घरून परवानगी मिळवणं हे सहलीतलं सर्वांत अवघड काम. ताई एकेकीच्या घरी जाऊन बसायच्या. नवरे गोव्याचं नाव ऐकून हसायचे. एकानं विचारलं, "बायकांनी गोव्यात जाऊन करायचं काय?" ताई म्हणाल्या, "तुम्ही गेल्यावर जे करत नाही, ते. समुद्र बघायचा." त्याची बायको त्या वर्षी गेली.

कार्यक्रम त्या स्वतः लिहायच्या. कंपनीतल्या जुन्या तक्त्यांच्या कोऱ्या बाजूला, निळ्या पेननं. त्यातला एक कागद माझ्याकडे राहिला आहे.

'किल्ला. वर चढायचं, खाली बघायचं. भिंतीवर बसून फोटो नाही. डॉल्फिन. दिसला तर दिसला. नाही दिसला तर बोटवाल्याशी भांडायचं नाही, तो काही त्याच्या घरचा नाही. चर्च. आत कुजबुज नाही, बाहेर आल्यावर वाटेल तेवढं बोला. बाजार. टोपी एकीनं घ्यायची, फोटो सगळ्यांनी काढायचे. नदीतल्या बोटीवर नाच. लाजायचं नाही, तिथं आपल्याला कोण ओळखतंय? समुद्र. गुडघ्यापर्यंत.'

शेवटच्या शब्दाखाली दोन रेघा आहेत.

आमच्या दैनिकाच्या सुट्टीच्या पुरवणीत 'गोव्यात काय पाहाल, काय कराल' असा मजकूर मी एकदा दिला, तो बराचसा या कागदावरून. छापून आल्यावर ताईंनी तो पूर्ण वाचला आणि म्हणाल्या, "'गुडघ्यापर्यंत' राहिलं तुमचं." जागा कमी होती, ती ओळ गेली होती.

सहलीहून आल्यावर आठवडाभर त्यांच्या खोलीत बायकांची ये-जा असे. वर माझ्या घरात मला ऐकू यायचं. पन्नाशीची एक बाई पॅराशूटला बांधून समुद्रावर उडून आली होती. तिला सगळ्या विचारत होत्या, "मावशी, वरून काय दिसलं ओ?"

"मला काय ठाऊक? डोळे झाकून होते मी."

"मग गेलीस कशाला?"

"वर होते ना पण!"

हे हसणं जिन्यापर्यंत यायचं.

आता लाइनवरची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यातून आलं. जेवणाची सुट्टी संपली की सुपरवायझर लाइनच्या एका टोकाला उभा राहून नावं पुकारायचा. जिचं उत्तर आलं नाही, तिचा अर्धा दिवस गैरहजर. बायकांसाठी बाथरूम कमी, सुट्टी अर्ध्या तासाची, बाहेर रांग. एकदा सातव्या महिन्यातल्या एका बाईचा असा अर्धा दिवस गेला. ती रडली. त्या दिवसापासून ताईंनी लाइनला शिकवलं, की शेजारची जागेवर नसेल तर तिच्या नावाला आपण 'आहे' म्हणायचं. विचार करत बसायचं नाही. सुपरवायझर मान वर करायच्या आत म्हणायचं. नवी बाई कामाला लागली, की टेप कशी गुंडाळायची हे तिला दुसऱ्या शिकवत. हे मात्र ताई स्वतः शिकवत. काही वर्षांत ते सगळ्यांच्या अंगवळणी पडलं. लाइनवर पुन्हा कुणाचा अर्धा दिवस गेला नाही.

मंगल सहलीला आली ती शेवटच्या वर्षी. वय अडतीस, परभणीकडची, नवरा तळवड्याच्या एका वर्कशॉपमध्ये. समुद्र तिनं पाहिलेला नव्हता. पहिले दोन दिवस किनाऱ्यावर गेल्या, की ती वाळूत बसून राहायची, बाकीच्यांच्या चपला आणि पिशव्या सांभाळत. सुरेखा ही तिची लाइनवरची शेजारीण, जालन्याची. तिनं हात धरून ओढलं तरी मंगल पाण्याजवळ गेली नाही. "तुमीच जा बाई. मला इथूनच बरं दिसायलंय."

तिसऱ्या दिवशी, निघायच्या आधी, ती पाण्यात गेली. गुडघ्यापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. हे चारपाच जणींनी पाहिलं. ओरडून हसत होती, असं सगळ्या सांगतात. त्या दुपारी किनाऱ्यावर लाल झेंडा होता. ताई जीवरक्षकाशी बोलून आल्या आणि त्यांनी सगळ्यांना बाहेर काढलं. ओले कपडे बदलायला बायका किनाऱ्यावरच्या खाण्यापिण्याच्या झोपड्यांमागच्या खोल्यांकडे गेल्या. बस रस्त्यात उभी होती, मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या, ड्रायव्हर ओरडत होता. बायका अर्ध्या आत, अर्ध्या दारात, अंगाला ओले टॉवेल, हातात पिशव्या. मधल्या वाटेत पाय ठेवायला जागा नव्हती. ताई दारात उभ्या राहिल्या, यादी काढली आणि नावं पुकारली.

खांद्याला हात न लावता त्यांनी माणसं मोजली, ती तेवढीच एकदा.

मंगलचं नाव आलं. "आहे," असं उत्तर आलं. बस निघाली.

तासाभरानं बस चहाला थांबली, तेव्हा ताईंनी बसमध्ये चढताना एकेकीच्या खांद्यावर बोटं टेकवली. बेचाळीस हव्या होत्या, एक्केचाळीस झाल्या. पुन्हा मोजल्या. एक्केचाळीस. बस मागं फिरली. मंगलची पिशवी किनाऱ्यावरच्या एका नारळवाल्याकडे होती. बाकीच्या कपडे बदलायला गेल्यावर ती पिशवी त्याच्याजवळ ठेवून पुन्हा पाण्याकडे गेली होती. नारळवाल्याला वाटलं, बरोबरच्या बायका आहेतच की. दुसऱ्या दिवशी सकाळी ती शेजारच्या किनाऱ्यावर सापडली.

वेळेवर कळलं असतं तर ती वाचली असती का, हे मी तिथल्या पोलिसांना फोनवर विचारलं. सांगता येत नाही, असं उत्तर मिळालं. तपासाच्या कागदांत त्या तासाचा उल्लेख नाही.

बातमी मीच दिली. सात ओळींची. आयोजक महिलेकडून मोजणीत चूक झाली, असं तिच्यात होतं. ते वाक्य ताईंचंच होतं. फोनवर मी विचारलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "मोजायला मी चुकले. लिहा."

दहा दिवसांनी सुरेखा माझ्या दारात आली. उभ्या उभ्याच बोलली.

"दादा, तुमी पेपरात चुकीचं लिवलंय. ताई नाही चुकल्या. मंगलचं नाव आलं तवा 'आहे' मी म्हणले. मला वाटलं ती कपडे बदलायलीय, येईल. मी काय मुद्दाम नाही केलं. तोंडातून निघालंच."

"ताईंना माहीत आहे?"

"त्यांनी माझा आवाज वळखला असंल की. रोज ऐकतेत."

मी खाली ताईंकडे गेलो. त्या तांदूळ निवडत होत्या. दुरुस्ती छापता येईल, असं मी सांगितलं. त्यांनी ताट बाजूला ठेवलं नाही.

"काय दुरुस्ती करणार?"

"उत्तर दुसऱ्या बाईनं दिलं, म्हणून."

"ते उत्तर द्यायला तिला कोणी शिकवलं?"

मी भिंतीशी टेकून खाली बसलो.

"ती लाइनवर आली तेव्हा मी तिच्याकडून चार दिवस घोकून घेतलं होतं. ती म्हणायची, ताई, खोटं बोलू व्हय? मी म्हटलं, बोल. आता ती बोलली." त्यांनी एक खडा काढून खिडकीत ठेवला. "तुम्ही बरोबर लिहिलंय. राहू द्या."

त्यानंतरच्या रविवारी मंगलचा नवरा येणार होता. भांडण झालं तर कुणीतरी असावं, म्हणून शेजारच्यांनी मला बसायला सांगितलं. सुरेखा आधीच आली होती, आत ओट्याशी उभी होती. तो आला, दारात चप्पल काढली, सतरंजीवर बसला. चाळिशीचा, हातावर वेल्डिंगच्या ठिणग्यांचे डाग. मग म्हणाला,

"काय काय बगितलं तिनं तिकडं?"

ताईंनी सांगायला सुरुवात केली. किल्ल्यावर ती सगळ्यांच्या पुढं चढली. बोटीत मळमळलं, पण डॉल्फिन पहिल्यांदा तिलाच दिसला आणि ती उभी राहून ओरडली. चर्चमध्ये तिनं छताकडे इतका वेळ बघितलं की मान दुखली. गुलाबी टोपी घालून फोटो काढला. बोटीवर नाचली नाही, पण टाळ्या वाजवत होती. मासे खाल्ले नाहीत, वास बघून ताट सरकवलं. दोन शहाळी प्यायली. ताईंनी एकही गोष्ट गाळली नाही. तो ऐकत होता. मध्ये एकदा म्हणाला, "पाण्याला लई भ्यायची ती. हिरीत वाकून बगत नव्हती."

"शेवटच्या दिवशी नाही भ्याली," ताई म्हणाल्या.

त्यानं मान हलवली. मग आवाज न चढवता विचारलं, "लोक म्हणायलेत, तिच्या नावाला बसमदी कोणतरी 'आहे' म्हणलं. कोण म्हणलं?"

आत भांड्याचा आवाज झाला. सुरेखा दारापर्यंत आली होती. ताईंनी तिच्याकडे पाहिलं नाही.

"कुणी नाही म्हटलं. मी तिचं नाव घेतलंच नाही. राहून गेलं."

"राहून गेलं?"

"हो."

"मग तुमीच मारलं तिला."

"हो," ताई म्हणाल्या.

तो उठला. जाताना दाराशी थांबून म्हणाला, "तुमचं तोंड पुन्हा दिसू नये मला." ताई बसल्या जागी तशाच बसून राहिल्या. सुरेखा जमिनीवर बसून रडत होती. थोड्या वेळानं ताई तिला म्हणाल्या, "तुझी उद्या फर्स्ट शिफ्ट आहे ना? डोळे सुजवून जाऊ नको. सुपरवायझर विचारत बसेल."

पुढच्या महिन्यात कंपनीनं त्यांचं कंत्राट वाढवलं नाही. कारण दिलं नाही. त्यानंतर काही आठवड्यांनी त्यांनी खोली सोडली. सामान टेम्पोत चढवताना मी कुठं निघालात असं विचारलं. "बघू," म्हणाल्या. फोन काही दिवस लागत होता, मग बंद झाला. सहल पुन्हा निघाली नाही. लाइनवर आता हजेरी यंत्रावर होते, अंगठा लावून.

हे सगळं लिहायचं नाही, असं मी ठरवलं होतं. ताईंनी नको म्हटलं होतं. पण यंदा उन्हाळ्याच्या सुरुवातीला सुरेखा एकटी परभणीला गेली. मंगलचा नवरा तळवड्याचं काम सोडून गावी राहायला गेला आहे, हे तिला कळलं होतं. अंगणात उभी राहून तिनं त्याला सांगितलं, की उत्तर मी दिलं होतं. तो मारेल, अशी तयारी ठेवून गेली होती. तो बाजेवर बसून राहिला. मग त्यानं विचारलं, "ती बाई कुठं हाय आता?" सुरेखाला ते सांगता आलं नाही. परत आल्यावर ती मला म्हणाली, "आता लिवा दादा. माझं नाव घालून लिवा."

पंधरा दिवसांनी तो स्वतः कासारवाडीला आला. खोलीत आता लातूरचं एक कुटुंब राहतं. त्यांना काही माहीत नव्हतं. इमारतीत कुणालाच माहीत नव्हतं. त्यानं दोनतीन घरी विचारलं, मला विचारलं. मी बंद पडलेला नंबर दिला. माझ्यासमोर त्यानं तो लावून पाहिला.

"भेटल्या तर सांगा," तो म्हणाला, "की मी आलतो."

लगेच गेला मात्र नाही. लातूरच्या बाईनं पाणी दिलं, ते प्यायला आणि तिच्या दारासमोरच्या पायरीवर बसला. शाळेतून तिची मुलं आली, त्याला वळसा घालून आत गेली. दुपारचे तीन वाजून गेले तरी तो तिथंच होता. जिन्यावर पाऊल वाजलं, की वर बघत होता.