एका चमच्याचा डाग

डागमावशीला कुठल्याही डागाची कधी किळस आली नाही. किळस यायला लागली ती माणसांची, आणि तीही साठी उलटल्यावर, चित्रकार म्हणून नाव झाल्यावर. त्याआधी एकतीस वर्षं ती एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात डागांच्या टेबलावर होती. मशीनमधून निघूनही ज्या चादरींचे डाग हटत नसत, त्या तिच्यापुढे येत. त्या टेबलावर काय काय येई ते इथे सांगितलं तर वाचणाऱ्याचं जेवण जाईल. मावशी आधी डोळ्यांनी बघे, मग बोटाने चाचपे, आणि मग सरळ चादरीला नाक लावी. नव्या बायका तोंड दाबून बाहेर पळत. ही शांतपणे म्हणे, "रक्त आहे, परवाचं. थंड पाणी घे. हे मलम, आधी भुकटी टाक, मग साबण." तिचं नाक कधी चुकलं नाही. एकदा मोठ्या डॉक्टरांचा कोट 'औषध सांडले' अशा चिठ्ठीसकट आला. मावशीने वास घेतला, चिठ्ठी फाडली, आणि चकार शब्द न काढता दारूचा डाग काढून कोट परत पाठवला.

पण आठवड्याला दोन-तीन चादरी तिच्याही हाताला दाद देत नसत. त्यांच्यावर 'बाद' असा शिक्का बसे आणि त्या फाडून फरशी पुसायला जात. मावशी त्या मागून घरी न्यायला लागली. आपण ज्याच्यापुढे हात टेकले त्यानेच लोकांनी फरशी पुसावी, हे तिला रुचेना.

घरी ती आणि म्हातारी आई, दोघीच. नवरा फार लवकर गेला होता, मूल झालं नाही. धाकटा भाऊ घरं रंगवायचा. त्याचे अर्धवट उरलेले ऑइलपेंटचे डबे मावशीच्या दारामागे रचलेले असत, कारण भावाच्या बायकोला वासाने शिंका येत. एका सुट्टीच्या दिवशी मावशीने दोरीवर घातलेल्या बाद चादरीकडे बघितलं, तर डागात पाय दुमडून बसलेली शेळी. "अगं बाई," ती आईला म्हणाली, "मी तीन दिवस ह्या शेळीला घासत होते!" तिने डबा उघडला, भावाचा जुना ब्रश घेतला आणि शेळीच्या भोवतीने भिंत रंगवली, भिंतीवरचा खिळा रंगवला, पाण्याची बादली रंगवली. शेळीला मात्र रंगाचं बोट लागू दिलं नाही. डाग आहे तसा राहिला.

पुढे तिची रीतच ती झाली. पेन्सिल नाही, आराखडा नाही. चादर टांगायची आणि समोर बसायचं. कधी दुपारभर, कधी पंधरा-पंधरा दिवस. दिसलं की रंगवायचं, नाही दिसलं तर तांदूळ निवडायला घ्यायचे. कोरं कापड तिच्यासमोर ठेवलं तर तिला त्यात काही म्हणजे काही दिसत नसे. एक गोष्ट तिला जमत नव्हती आणि तिलाही ते ठाऊक होतं. हात. तिच्या चित्रातल्या माणसांचे हात खिशात असत, पाठीमागे असत, नाहीतर पाण्यात बुडालेले असत.

मग आई अंथरुणाला खिळली. चार महिने मावशीने कामावरून येऊन तिचं सगळं केलं, तोंड वाकडं न करता. शेवटच्या संध्याकाळी तिने बडीशेपेच्या वासाचं लालसर औषध चमच्यात ओतलं आणि आईच्या ओठांना लावलं. आईने मान फिरवली. "पुरे गं आता," ती म्हणाली. चमचा कलंडला, औषध चादरीवर सांडलं. मावशी चिडली. "नीट घे ना, सगळं सांडलंस!" असं ओरडली आणि फडकं आणायला आत गेली. परत आली तोवर आई गेलेली होती.

एक चमचा गोड औषध. तिच्यासारख्या बाईला तो डाग म्हणजे चुटकीसरशीचं काम, नुसत्या पाण्यानेही निघाला असता. तिने पाणी लावलं नाही. वर्षभर ती चादर तिने घडी करून ठेवली, मग टांगली, आणि तिला त्या डागात आईचा अंबाडा दिसला. आई पाठमोरी, छातीशी पिशवी धरून दाराबाहेर निघालेली. तोंड नाही, हात नाहीत. नुसती पाठ, उंबरा, आणि तो लालसर तपकिरी अंबाडा. जवळ नाक नेलं की बडीशेपेचा वास येई. मावशी रोज एकदा नाक नेई.

आता तो दालनवाला. त्याचा आणि हिचा संबंध भावाच्या बावळटपणाने आला. भाऊ एका श्रीमंताचं घर रंगवायला गेला आणि सोफ्यावर शिंतोडे उडू नयेत म्हणून बहिणीच्या दोन चादरी अंथरून आला. मालकाचं स्वतःचं चित्रांचं दालन होतं. तो संध्याकाळी आला, सोफा बघून जागीच उभा राहिला, आणि दुसऱ्या दिवशी मावशीच्या दारात हजर. गोरागोमटा, मऊ हातांचा, अत्तराचा. बोलणं असं की ऐकताना आपलेच कान चिकट होतात की काय असं वाटावं. पहिल्या भेटीत तो तिला मावशी म्हणाला. गिऱ्हाइकांसमोर आई म्हणायला लागला. "ह्या आमच्या आई!" असं म्हणून खांद्यावर हात टाकी. मावशीला तो हात झटकून टाकावासा वाटे, पण भावाचं तोंड आनंदाने एवढं फुललेलं असे की ती मूग गिळून बसे.

वर्तमानपत्रांत आलं की बाई अंतःप्रेरणेने चित्रं काढतात. म्हणजे काय ते मावशीने भावाला विचारलं. "म्हणजे ताई, तुला काही येत नाही तरी येतं," भाऊ म्हणाला. कोणी लिहिलं की हात लपवणं हा श्रमिक स्त्रीचा मूक निषेध आहे. मावशीने ते दोनदा वाचलं आणि संध्याकाळच्या चित्रकलेच्या वर्गात नाव घातलं. दोन तासांत ती अंगठा काढायला शिकली. पोरीसारखी हरखून तो कागद घेऊन ती दालनात गेली. दालनवाल्याचा चेहरा पांढराफटक. "आई, हे नको. तुम्ही शिकलात तर संपलंच सगळं." पुढच्या आठवड्यात वर्गातले मास्तर जमिनीकडे बघत म्हणाले की वर्ग भरला आहे. समोर नऊ रिकाम्या खुर्च्या होत्या. कोणी फोन केला असेल हे कळायला मावशीला अंतःप्रेरणेची गरज नव्हती. त्या दिवशी तिला पहिल्यांदा खरी शिसारी आली. मुलाखतीला चष्मा लावू नका, हसू नका, दहावी झालेय ते सांगू नका, हे सगळं तिने ऐकून घेतलं होतं. पण एका बाईला अंगठा काढता येऊ नये म्हणून धडपडणारा माणूस तिने उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता.

तरीही मोठ्या प्रदर्शनाला तिने हो म्हटलं. भावासाठी म्हटलं, आणि खरं सांगायचं तर थोडं स्वतःसाठीही. आपलं काम चांगल्या उजेडात, सरळ भिंतीवर बघावं असं कोणाला वाटत नाही? बावीस चादरी न्यायच्या ठरल्या. बाविसावी आईची. ती द्यायला तिचा हात होईना. "ही विकायची नाही," तिने बजावलं. "दाखवायची आणि जशीच्या तशी माझ्या हातात द्यायची. बाकी एकवीस गेल्या तरी चालतील, ही एक नाही." दालनवाल्याने छातीवर हात ठेवून कबूल केलं. मऊ हात, मऊ छाती.

प्रदर्शनाच्या संध्याकाळी दालनात हीऽ गर्दी. अत्तरांचा असा घमघमाट की मावशीला इस्पितळातल्या जंतुनाशकाची आठवण आली, ते निदान काहीतरी मारायचं तरी. आईची चादर मधल्या भिंतीवर, एकटी, वर दिवा. समोर लोक माना तिरक्या करून उभे. एक बाई डोळे टिपत होती. मावशी गर्दीतून पुढे गेली आणि रोजच्यासारखं नाक लावलं.

चहा.

तिने पुन्हा वास घेतला. बोट फिरवलं. चहाच. फार तर चार दिवसांचा, कडक उकळलेला, कडेला दोनदा गिरवलेला. अंबाडा तसाच गोल, रंगही तोच.

"हा डाग कोणाचा?" तिने विचारलं. आवाज मोठा नव्हता.

दालनवाला लगबगीने जवळ आला. "आई, हळू. त्याचं असं झालं, गिऱ्हाइकांना जरा काळजी होती. इस्पितळाच्या चादरी, जंतू वगैरे. म्हणून सगळ्या धुवून घेतल्या. तुमच्याच धुलाईखान्यात दिल्या हो, मुद्दाम! एकवीस चादरींना काही झालं नाही. ह्या एकीचाच डाग गेला, आता मला कसं कळणार? पण आम्ही अगदी तंतोतंत केलाय. रंग जुळेपर्यंत मी स्वतः तीनदा लावला." आणि मग, खांद्यावर हात ठेवून, "कोणाला कळणारसुद्धा नाही."

ह्या माणसाचा सगळा धंदा डागांचा, आणि त्याला डागांची किळस. आईने जाताना मागे ठेवलेला तेवढा एक चमचा त्याने जंतू म्हणून धुऊन काढला होता, आणि त्या जागी स्वतःचा चहा फासून वर दिवा लावला होता. मावशीला ओकारी येईल असं वाटलं. एकतीस वर्षांत त्या टेबलावर आली नव्हती ती.

ती ओकली नाही. तिने चादर भिंतीवरून खाली घेतली. बाजूच्या टेबलावर पाहुण्यांसाठी फळांचा मोठा वाडगा होता. फळं तिने ओतून दिली, ती घरंगळत बुटांमधून गेली. डागाची जागा वाडग्याच्या तोंडावर ताणली, कडेने भावाला धरायला लावली. "घट्ट धर. ढिली पडू देऊ नकोस." मग चहाच्या किटलीशेजारची उकळत्या पाण्याची किटली उचलली, हात डोक्याच्या वर नेला आणि उंचावरून पाण्याची धार सोडली. चहाचा डाग असाच काढतात. पाणी जोरात पडलं पाहिजे आणि कापडातून पार गेलं पाहिजे. वाडग्यात पिवळट पाणी साठलं. तिने किटलीशेजारचं लिंबू पिळलं, पुन्हा धार सोडली. दुसऱ्या किटलीला अंबाडा गेला. आईच्या पाठीच्या वर पांढरं भोक उरलं.

मागून कोणीतरी टाळी वाजवली. त्यानंतर सगळ्यांनीच वाजवल्या. डोळे टिपणारी बाई आता रडत होती. दालनवाल्याने सावध होऊन हात जोडले आणि जाहीर केलं की आईंनी आज आपल्याला एक दुर्मीळ क्षण दिला आहे.

मावशीने चादर पिळली. तसं बघितलं तर तिला त्याच्या तोंडावर पिळायची होती, पण भाऊ मध्ये उभा होता. ओली चादर पिशवीत कोंबून ती चालत घरी आली. भाऊ मागोमाग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती धुलाईखान्यात गेली. मशीनं चालू होती. डागांच्या टेबलावर आता जी बाई होती तिला मावशीनेच सहा वर्षं हाताशी धरून शिकवलं होतं. पहिल्या आठवड्यात बाहेर पळणारी, आता चादरीला नाक लावून उभी होती. मावशीला बघून तिचा चेहरा उजळला.

"मावशी! तुमच्या चादरी आल्या होत्या आमच्याकडे, माहितेय? त्या माणसाने सांगितलं, फक्त वास घालवा. पण तुमच्या हाताखाली शिकलेली मी, डाग समोर आला की राहवतं का? सगळ्यांवर प्रयत्न करून बघितला. एकवीस काही हलले नाहीत, तुमच्याकडून नाही निघाले ते माझ्याकडून काय निघणार! पण एक निघाला. नुसत्या पाण्याने, साबणसुद्धा नाही." ती खळखळून हसली. "आम्ही सगळ्या म्हटलं, इतका साधा डाग मावशींच्या हातून राहिला कसा?"

मावशीने टेबलावर हात टेकले. काल रात्रीपासून जिच्यावर ओरडायचं ठरवून ती आली होती, ती ही. तिने काहीच चुकीचं केलं नव्हतं. शिकवलं होतं तसंच केलं होतं, आणि चांगलं केलं होतं.

"राहिला नव्हता गं," ती म्हणाली. "ठेवला होता."

ती बाई हसायची थांबली. तिने मावशीच्या पिशवीतून बाहेर आलेल्या चादरीच्या टोकाकडे बघितलं, मग मावशीकडे. तिने आपले दोन्ही ओले हात अॅप्रनच्या खिशांत घातले आणि ती तशीच उभी राहिली.