ईरप्पाची फरशी

ईरप्पा आमचा शेजारी, भिंतीला भिंत. त्याच्या घरात कोण शिंकलं तेही मला कळायचं. खरं सांगायचं तर मी कान देऊनच असायचो. चाळीस वर्षं तो खड्डामागावर लुगडी विणत आला. घराच्या मधोमध गुडघाभर खड्डा, त्यात पाय सोडून बसायचं आणि समोरच्या मागावर विणायचं. सिद्धम्मानं नवऱ्याला धड उभा बघितला तो लग्नातच, असं आम्ही चिडवायचो.

चौऱ्याहत्तर साली माग बंद पडला. पेठेत यंत्रमाग धडधडायला लागले होते, हातमागाचं लुगडं कुणी विचारीना. त्याच वर्षी काचबिंदूनं सिद्धम्माची नजर पार गेली. घरातली शेणामातीची जमीन उखणलेली, त्यात तो खड्डा. दोनदा ती त्यात पडली आणि मग जागची हलेनाशी झाली. प्यायला पाणी हवं तरी, "अवो, हात द्या की."

आता ही बाई कशी, तर गल्लीत कुणाकडे पाहुणा आला की त्याच्या चहाला उकळी फुटायच्या आत हिला त्याचं गोत्र ठाऊक. या धंद्यात माझी बरोबरी करणारं एकच माणूस. तिनं घरातल्या घरात हात मागावा, हे मलाही बघवेना.

ईरप्पानं मनाशी ठरवलं, की घरात शहाबादी फरशी घालायची. अशी सपाट, की सिद्धम्मानं एकटीनं हिंडावं. बायकोला त्यानं मैंदर्गीला तिच्या बहिणीकडे पोचवलं आणि फरशा आणून टाकल्या. आमच्या गल्लीतला धोंडीराम गवंडी आपणहून आला.

"मामा, हे काय लुगडं न्हाय. सरका, मी घालतो."

"माझ्या बायकोच्या पायाखालची जमीन मीच करणार."

"करा. पण खाली पोकळ ठेवू नका. मुरूम टाका, पाणी मारा, धुम्मसानं ठोकून घट्ट करा. न्हायतर फरशी खचंल बघा."

ईरप्पानं तसंच केलं, एक जागा सोडून.

एका दुपारी त्यानं दार लावून घेतलं. भिंतीतून धुम्मसाचा आवाज येईना, म्हणून मी मागच्या खिडकीतून डोकावलो. मागाची फणी, धोटे, सुताचे गुंते त्यानं एकेक करून खड्ड्यात ठेवले. वर विभूती टाकली, बेलाची पानं टाकली आणि ओंजळीनं माती लोटली. त्यांच्यात माणूस गेला की जाळत नाहीत, पुरतात. ईरप्पानं माग पुरला होता. माती हातानंच सारखी केली, वर चुना-वाळू पसरून फरशी ठेवली.

कुणाच्या घरी काय शिजलं हे गल्लीभर सांगणारा मी, पण हे धोंडीरामला सांगितलं नाही.

बाकी काम बघण्यासारखं. सूत ताणून ओळी धरल्या, दोन फरशांमधल्या दरजा लुगड्याच्या काठासारख्या सरळ. फक्त गड्यानं सुरुवात केली दारापासून, आणि शेवटच्या फरशीला स्वतःच मागच्या कोपऱ्यात अडकला. ओल्या फरशीवर पाय कसा द्यायचा? दिवसभर भिंतीला पाठ लावून उभा! माझ्या बायकोनं, तानाबाईनं, खिडकीतून भाकरी दिली आणि वर विचारलं, "मुक्काम किती दिवसांचा?"

दिवाळीला सिद्धम्मा आली. उंबऱ्यात बसून आधी तळहातानं फरशी चाचपली. मग उठली आणि चालायला लागली. चुलीपासून दारापर्यंत बारा पावलं; ती तोंडानं मोजायची. आठवड्यात मोजणं सुटलं. रोज फरशीवर पाणी ओतून धुवायची, आल्यागेल्याला म्हणायची, "बघा की, कुटं डाग राहिलाय का." पुन्हा दारात उभी राहून माझ्याशी बातम्यांची देवघेव करायला लागली. एकदा तर मलाच म्हणाली, "तुमच्या घरात काल भांडण लई रंगलं, व्हय?"

ते रोजचं पाणी दरजांतून खाली मुरत होतं. संक्रांतीच्या सुमारास मधली फरशी एका बाजूनं बोटभर खचली. डोळसालाही पटकन कळलं नसतं. सिद्धम्माला ठेच लागली, ती पालथी पडली आणि मनगट मोडलं.

धोंडीरामनं पहारीनं फरशी उचलली. खाली भुसभुशीत चिखल, त्यात कुजलेलं सूत.

"मामा, हितं धुम्मस का न्हाई केलं?"

"गेलेल्याच्या अंगावर धुम्मस कोण मारतं रे?"

धोंडीरामनं पहार खाली ठेवली. मला तर हे आधीपासूनच ठाऊक होतं.

ईरप्पानं खड्डा स्वतः उकरला. धोटे, फणी, सगळं बाहेर काढलं, उन्हात वाळवलं आणि सिद्धम्माच्या शेकाचं पाणी तापवायला चुलीत घातलं. मग मुरूम भरला आणि तीन दिवस धुम्मस मारलं. आमची भांडी फळीवरून पडली, तरी तानाबाई एक शब्द बोलली नाही. चौथ्या दिवशी फरशी अशी बसली, की वर बैल नाचवावा.

मनगट जुळलं. पण सिद्धम्मा भिंतीला टेकून बसली ती बसलीच.

"ये की," ईरप्पा दारातून हाक मारायचा. "पक्कं झालंय. बारा पावलं."

"तुमीच चाला. मी ऐकते."

मग तो चालायचा. चुलीपासून दारापर्यंत, दारापासून चुलीपर्यंत. पाय जरा आपटून, तिला ऐकू जावं म्हणून. भिंतीच्या अलीकडे मलाही ते ऐकू येई. ऐकू येऊ नये म्हणून मी खाट दुसऱ्या भिंतीला लावून बघितली.