टोचनला जुंपलेली स्टेशन वॅगन

माझ्या थोरल्या दिरांना घरात आणि गावात सगळेच दादा म्हणत. चिखलीच्या रस्त्याला त्यांचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे लाकडी खांबांवर टाकलेले पत्रे आणि खाली तेलानं काळी झालेली जमीन. माझ्या लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी त्यांनी तिथे एक जुनी परदेशी स्टेशन वॅगन आणून उभी केली. खडकीच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांची ती गाडी. पेट्रोल महागलं आणि तिला पोसणं डॉक्टरांना जमेना. लांबलचक, फिकट हिरवी, बाजूंना लाकडाच्या पट्ट्या. दादांनी तिच्यात एका मोडीतल्या टेम्पोचं डिझेल इंजिन बसवलं, मागे जाड हूक वेल्ड केला आणि तिला टोचनच्या कामाला जुंपलं. चाकणपासून पिंपरीपर्यंत कुणाचीही गाडी बंद पडली की निरोप दादांकडे येई. पोलादी दोर हुकात अडकवायचा आणि बंद गाडी ओढत गॅरेजला आणायची.

माझे यजमान पिंपरीतल्या एका कंपनीत फिटर होते. सुट्टीला ते गॅरेजमध्ये हात लावायचे. एकदा जेवताना ते म्हणाले, "दादा, वॅगन ओढते छान, पण थांबवायची कशी? मागचं वजन तिच्या ब्रेकला पेलणार नाही."

"थांबवायचं काम मागच्यानं करायचं," दादा म्हणाले. "तो बसलेला असतो ना स्टिअरिंगवर."

मागे बसणं म्हणजे काय असतं ते मला ठाऊक होतं. मला जुजबी गाडी चालवता येत होती, म्हणून एका रविवारी, दुसरं कुणी नव्हतं तेव्हा, मीच एका बंद पडलेल्या मोटारीत बसले होते. इंजिनाचा आवाज नाही, नुसता चाकांचा. डोळ्यांसमोर वॅगनची रुंद पाठ, आणि मधला दोर कधी ताठ तर कधी रस्त्याला टेकलेला. आपण चाललोय, पण जाणं आपल्या हातात नाही. घरी आल्यावर मी यांना सांगितलं, "पुन्हा मला त्या दोराच्या टोकाला बसवू नका."

आधी मोटारी, मग टेम्पो, मग रिकामे ट्रक. दादांचा धीर वाढत गेला. पुढे वॅगनचं मागचं दार नीट बसेना. हे गाडीखाली सरपटत गेले आणि बाहेर येऊन हात पुसत म्हणाले, "दार बिघडलेलं नाही दादा. सांगाडा वाकलाय. हुकाजवळ चीर गेलीय." दादांनी कानस घेतली, दाराची कडी घासली आणि दार बसवून दाखवलं. "झालं की नाही?" त्या दिवसापासून मात्र दादा वॅगन घेऊन निघाले की हे दारात येऊन उभे राहायचे.

गणपती होऊन गेले होते. मी चाकणला मावशीकडे गेले होते आणि दुपारी परतीच्या एस.टी.साठी थांबले होते. समोरून वॅगन आली. मागे खडीनं भरलेला ट्रक.

"चल, घरीच निघालोय," दादा म्हणाले.

"दादा, भरलेला आहे हा."

"ट्रकमालकाला खडी आजच हवीय. उतरवायला माणसं नाहीत. हळू नेऊ."

थोरल्या दिरांना नाही म्हणायची रीत नव्हती. मी शेजारी बसले. ट्रकवर बीडकडचा एक ड्रायव्हर एकटाच होता, तिशीचा असेल. निघण्यापूर्वी तो खिडकीशी येऊन म्हणाला, "मालक, इंजन बंद हाय, ब्रेक पुरा लागत न्हाई. उताराला दमानं घ्या."

सपाटीवर सगळं ठीक चाललं होतं. गाडीत डिझेलचा वास कोंडला होता आणि पायाखालचा पत्रा सारखा कुरकुरत होता. दादा नेहमी गाडी चालवताना बोलायचे. त्या दिवशी सारखे आरशात बघत होते. मोशीच्या अलीकडे रस्ता इंद्रायणीकडे उतरायला लागला तसा मागचा दोर सैल झाला, हे मला ओढ थांबल्यावरून कळलं. मी मागे वळून पाहिलं. मागच्या काचेत ट्रकचं तोंड मोठं होत होतं.

दादांनी ब्रेक दाबला. जळकट वास आला आणि वॅगनची शेपटी डावी-उजवी हलली. त्यांनी पाय उचलला. क्षणभर तो नुसता हवेत होता. मग त्यांनी तो अ‍ॅक्सिलरेटरवर ठेवला आणि दाबला.

वॅगन पुढे उसळली. दोर ताठ झाला, मागून जबर हिसका बसला. पुन्हा वेग, पुन्हा हिसका. खाली अरुंद पूल दिसत होता आणि पलीकडून एस.टी. पुलावर चढली होती. "दादा, एस.टी." एवढंच माझ्या तोंडून निघालं. त्यांनी ऐकलं की नाही, कोण जाणे.

मागे ट्रकनं रस्ता सोडला. ड्रायव्हरनं तो डावीकडच्या मातीच्या बांधावर घातला. कापड फाटावं तसा लोखंडाचा आवाज झाला, हूक सांगाड्याच्या तुकड्यासकट निघून गेला आणि वॅगन आडवी फिरून पुलाच्या अलीकडे थांबली. मला खरचटलंसुद्धा नव्हतं. ट्रक कुशीवर पडला होता आणि खडी अजून घरंगळत होती. ड्रायव्हर केबिनमध्ये अडकला होता. एस.टी.तली माणसं धावली, तेव्हा कुठे त्याला बाहेर काढता आलं. पुढे दवाखान्यात त्याचा डावा पाय गुडघ्याखालून कापावा लागला.

सगळे म्हणाले, ट्रकचा ब्रेक फेल झाला. दादाही तेच म्हणाले. मी जे पाहिलं ते घरी फक्त यांना सांगितलं.

थंडी सरत आली तेव्हा तो ड्रायव्हर कुबडी घेऊन गॅरेजला आला. सुट्टीमुळे हे तिथेच कामाला होते आणि मी यांचा डबा घेऊन गेले होते. तो दादांसमोर उभा राहिला, बस म्हटलं तरी बसला नाही.

"मालक, तुमी गाडी का पळवली?"

"तू मागून अंगावर येत होतास," दादा म्हणाले.

"म्या ब्रेक दाबून धरला व्हता. थोडा थोडा लागत व्हता. ट्रक धरत व्हता, तेवढ्यात तुमी वढला." मग तो माझ्याकडे वळला. "वैनी, तुमी शेजारी व्हता."

हे हातातलं काम ठेवून माझ्याकडे बघत होते. दादा बघत नव्हते.

"त्यांनी वेग वाढवला," मी म्हणाले. "ब्रेक सोडून वाढवला."

कुणी आवाज चढवला नाही. दादांनी मान हलवली आणि हळूच म्हणाले, "व्हय. घाबरलो मी."

वॅगन मोडीत गेली. दादांनी पुन्हा स्टिअरिंग धरलं नाही. पिंपरीला जायचं तरी बसनं जात. ड्रायव्हरला त्यांनी गॅरेजातच पंक्चरचं काम दिलं आणि त्यानं ते घेतलं. दोघं कितीतरी वर्षं त्याच पत्र्याखाली बसायचे, एकाच किटलीतला चहा प्यायचे. त्या दुपारविषयी त्यांना बोलताना मी कधी ऐकलं नाही. पण दादा काही उचलायला वाकले की त्याचे हात थांबायचे, आणि दादा सरळ होईपर्यंत तो त्यांच्या पाठीकडे बघत राहायचा. दोघांमधला तो दोर मला अजून ताठ दिसायचा; मी चहा ठेवून लवकर निघायची.